डांटस टीचरची एक जून

चिंतामणी फरशीवाल्याचा तिसरा फोन आला तेव्हा सदू शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होता.

"सदूभाऊ, तारीख कधी देताय? दगड पॉलिश होऊन पडलाय. नाव कोरलं, मृत्यूची तारीख कोरली, जन्माची जागा तेवढी रिकामी. दोन नोव्हेंबरला बसवायचाय ना?"

"देतो," सदू म्हणाला.

"सर्व्हिस बुकात असेल की हो."

"आहे. पण ती खोटी आहे."

पलीकडे चिंतामणीने मोठा श्वास सोडला. "अहो, माणूस गेलं. आता तारीख खोटी काय नि खरी काय!"

"हे टीचरच्या तोंडावर बोलला असतास तर बघितलं असतं," असं म्हणून सदूने फोन आपटला आणि पुढच्या दाखल्यावर शिक्का उलटा मारला.

डांटस टीचर सप्टेंबरात गेल्या, त्र्याऐंशीव्या वर्षी, सहामाही परीक्षेच्या ऐन धांदलीत. जाता जाता त्या सदूला काम लावून गेल्या, यात नवल काहीच नव्हतं. जिवंतपणी त्यांनी दुसरं केलं काय होतं? मिशनच्या शाळेत सदानंद मयेकर पस्तीस वर्षं क्लार्क होता आणि त्या पस्तीस वर्षांतला असा एकही जून त्याला आठवत नव्हता, की ज्यात या बाईने त्याच्या नाकीनऊ आणले नाहीत. आता तीस नोव्हेंबरला तो निवृत्त होणार होता. सुटलो, असं तो मनाशी म्हणत होता, तोवर फादरनी बोलावून सांगितलं, "मयेकर, टीचरच्या कबरीच्या दगडाचं तुम्ही बघा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

दोन नोव्हेंबरला ख्रिस्ती माणसं आपल्या मृतांच्या कबरींवर जातात, मेणबत्त्या लावतात. त्याच्या आत दगड बसायला हवा होता. आणि सर्व्हिस बुकात तारीख होती एक जून एकोणीसशे बेचाळीस.

एक जून! आपल्याकडे प्रत्येक घरात एक जूनचं एक तरी माणूस असतं. पूर्वी पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी जन्मतारीख विचारत. आई सांगे, "शिमग्याच्या आसपास." बाप म्हणे, "मी बोटीवर होतो." मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये सुरू, म्हणून सहा वर्षं मागे मोजून एक जून टाकायची आणि पुढच्याला बोलवायचं. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. निम्मा जिल्हा असाच एका दिवशी जन्मला आणि सुखाने जगला.

हे सुख बघवलं नाही ते डांटस टीचरला. सेवेरीन डांटस, मालवणच्या पलीकडच्या एका खाडीकाठच्या वाडीतली मुलगी, एकोणीसशे पासष्ट साली मिशनच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर आली. तेवीस वर्षांची, काडीसारखी बारीक, गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा क्रूस. तेव्हाचे हेडमास्तर सांगायचे, की पहिल्याच दिवशी तिने पट उघडला आणि विचारलं, "सर, चौतीसातली एकोणतीस मुलं एकाच दिवशी झाली? त्या दिवशी रत्नागिरीत दुसरं काही काम नव्हतं काय?"

हेडमास्तर हसले. ती हसली नाही. त्या संध्याकाळपासून ती घरोघर फिरायला लागली.

तिची रीतही तिच्याचसारखी, डोक्याला ताप देणारी. कुण्या जोशीबुवांकडून तिने दहा-बारा वर्षांची जुनी पंचांगं मागून आणली होती. क्रूसवाली बाई काखेत पंचांगं घेऊन भर उन्हात मिऱ्याला, मांडवीला, राजिवड्याला चालली आहे, हे लोकांना आधी गमतीचं वाटलं आणि मग त्याचा वैताग यायला लागला. ती थेट स्वयंपाकघरात जाऊन बसे. पोर झालं तेव्हा होड्या पाण्यात होत्या की वर ओढलेल्या? जाळ्यात काय लागत होतं? गणपती आले होते की गेले होते? मोहरम झाला होता? भरती होती की ओहोटी? बायकांचे हात मासळीत, बाजाराची वेळ झालेली, आणि ही विचारतेय चंद्र दिसत होता का. शिवाय एकीच्या सांगण्यावर तिचं समाधान नाही. दोघींनी, एकमेकींशी न बोलता, वेगवेगळ्या वाटेने एकच दिवस सांगितला पाहिजे. तोवर ती आपल्या वहीत तारीख लिहायची नाही. साक्षीदाराला आधी तारीख सुचवायची नाही, हा आणखी एक नियम. एका पोरीची सुईण देवरूखला लेकीकडे राहायला गेली होती, तर ही बाई एसटी पकडून देवरूखला जाऊन आली. का, तर पोरगी श्रावणातली की भाद्रपदातली हे ठरत नव्हतं म्हणून!

"अहो टीचर, काय फरक पडतो?" असं लोक विचारत.

"त्या मुलीला पडतो," टीचर म्हणत. पोरगी तेव्हा सहा वर्षांची, शेंबूड पुसत उभी. तिला कसला फरक पडणार होता?

फरक सदूला पडला. चांगलाच पडला. त्याचा बाप गोविंद त्याला शाळेत घेऊन गेला तेव्हा एक जून अडुसष्ट सांगून मोकळा झाला होता. टीचर घरी आल्या. आईने सांगितलं, त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लावले त्याच्या दुसऱ्या दिवशी. शेजारच्या काकूने वेगळं विचारल्यावर तेच सांगितलं. पंचांग उघडलं, आणि सदू सतरा नोव्हेंबर सदुसष्टचा झाला, म्हणजे एका दुपारात साडेसहा महिन्यांनी म्हातारा. बापाने कपाळावर हात मारला, पण बाईपुढे बोलायची सोय नव्हती.

अठ्ठ्याऐंशी साली जहाजावरची भरती निघाली. सदूच्या आळीतल्या चौघांनी अर्ज केले. अट एवढीच, की एक जानेवारीला वय विसाच्या आत हवं. सदू पंचेचाळीस दिवसांनी बाहेर पडला. बाकीचे तिघे, ज्यांच्या आयांना काहीच आठवलं नव्हतं असे सुदैवी, एक जूनवाले, ते जहाजावर गेले. हाँगकाँग पाहून आले, रॉटरडॅम पाहून आले. सदू तणतणत टीचरच्या खोलीवर गेला.

"टीचर, एक जून राहू दिली असतीत तर मी आज समुद्रात असतो!"

टीचर वह्या तपासत होत्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "असतास. पण तो दुसराच कुणी सदू असता."

"चालला असता मला दुसरा!"

त्यांनी चष्मा खाली केला आणि पुढची वही उघडली. दोन वर्षांनी शाळेत क्लार्कची जागा निघाली तेव्हा मात्र त्यांनीच फादरना भेटून सदूचं नाव सांगितलं. टीचरच्या मते ती भरपाई होती. सदूच्या मते ती शिक्षा होती, कारण प्रवेशाचं रजिस्टर आता त्याच्या टेबलावर आलं आणि रजिस्टरच्या मागोमाग टीचरही.

दहा वर्षं नोकरीत असताना आणि पुढे निवृत्त झाल्यावरही ही बाई दर जूनला ऑफिसात हजर. सिस्टरांनी मागच्या आवारात दिलेल्या खोलीत त्या राहत. प्रवेश सुरू झाले, की खुर्ची ओढून सदूच्या शेजारी बसत. ना कुणी बोलावलेलं, ना कुणी हाकलू शकत. नंतर जन्माचे दाखले आले, कॉम्प्युटर आला, आता तारखा आयत्या यायला लागल्या. सदूला वाटलं, संपली पीडा. कसली संपते! दाखल्यावरचीही तारीख त्या आईला पुन्हा विचारायच्या.

"टीचर, आधार कार्डावर छापलीय तारीख!" सदू एकदा ओरडलाच.

"आधार कार्ड बाळंतपणाला हजर होतं काय?" टीचर म्हणाल्या, आणि रांगेतल्या आया खिदळायला लागल्या.

खरं सांगायचं तर त्यांचा हा हट्ट एकदा सदूच्याही कामी आला होता, पण ते तो सहसा कबूल करत नसे. शहाण्णव साली मासळी विकणारी येसूबाई नवऱ्याला घेऊन ऑफिसात आली. थोरल्या मुलीचं, ज्ञानेश्वरीचं, लग्न ठरत होतं. दाखल्यात अठरा पूर्ण दाखव, म्हणाली. पोरगी सोळा वर्षं आठ महिन्यांची. येसूबाई रडली, नवरा टेबलावर हात आपटायला लागला, सदू घामाघूम झाला आणि लेखणी उचलणार, एवढ्यात टीचर आत आल्या. त्यांनी आपली वही उघडली आणि पोरगी कुठल्या पहाटे झाली, सुईण कोण होती, बाहेर कोण उभं होतं, ते सगळं येसूबाईला वाचून दाखवलं. येसूबाईने भर रस्त्यात टीचरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लग्न मोडलं. ज्ञानेश्वरी बारावी झाली, पुढे नर्स झाली. येसूबाईने त्यानंतर वीस वर्षं टीचरला मासळी दिली आणि वीस वर्षं त्यांच्याशी भांडली.

आणि एवढं सगळं करणाऱ्या बाईची स्वतःची जन्मतारीख? एक जून.

हे सदूला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. टीचरचं सर्व्हिस बुक उघडलं आणि तो बघतच राहिला. साऱ्या गावाच्या चुली धुंडाळणारी ही बाई स्वतः मात्र कुण्या मास्तराने कान धरायला लावून ठरवलेल्या तारखेवर पगार घेत होती! त्याचं जहाज गेलं, आणि हिचं काय गेलं? तेव्हापासून ही गोष्ट त्याने दातात अडकलेल्या काट्यासारखी जपली. स्टाफरूममध्ये तो टोमणे मारायचा. हळूहळू ती सगळ्यांचीच थट्टा झाली. टीचर म्हणायच्या, "अरे, मी खरीच एक जूनची आहे," की हशा पिकायचा. एक जूनचा प्रत्येक माणूस असंच म्हणतो!

दोन हजार साली त्या निवृत्त झाल्या. पहिल्या तारखेला जन्मलेल्यांची नोकरी आदल्या दिवशी संपते, म्हणजे एकतीस मेला, तेव्हा शाळेला सुट्टी. म्हणून निरोप समारंभ एप्रिलमध्येच उरकला. स्टाफतर्फे सदू बोलायला उभा राहिला. "टीचरनी साऱ्या रत्नागिरीला खरी जन्मतारीख दिली," तो म्हणाला, "स्वतःपुरती मात्र सवलत घेतली!" हॉल हसून हसून आडवा झाला. फादर हसले, पोरं हसली. टीचर उठून म्हणाल्या, "मी खरीच..." पुढचं टाळ्यांत बुडालं. मग त्याही हसल्या आणि खाली बसल्या.

आता तीच तारीख दगडावर कोरायची होती, आणि सदूचा हात अडला.

"लिहा ना एक जून आणि मोकळे व्हा," भार्गवी मॅडम म्हणाल्या. त्या हेडमिस्ट्रेस होऊन दोनच वर्षं झाली होती आणि सदू निवृत्त कधी होतो याची त्याच्याइतकीच वाट त्याही बघत होत्या.

"खोटी तारीख आहे, मॅडम."

"तुम्हाला काय करायचंय?"

तेच तर त्याला समजत नव्हतं. टीचरची खोड काढायची एवढाच हेतू असता तर एक जून कोरून तो गप्प बसला असता; जन्मभराची थट्टा दगडावर कायमची झाली असती. पण बाईने पस्तीस वर्षांत त्याला पुरता बिघडवून ठेवला होता. खात्री नसलेली तारीख त्याच्याने लिहवत नव्हती. शिवाय मनाच्या तळाशी एक खुमखुमीही होती. खरी तारीख शोधून काढायची आणि मेलेल्या बाईला मनातल्या मनात दाखवायची: बघा टीचर, तुम्हीही आमच्यातल्याच.

दिवाळीच्या सुट्टीत, पाडव्याच्या आदल्या दिवशी, घरात चकल्यांचा घाणा चालू असताना सदूने पिशवी उचलली.

"कुठं?" बायकोने विचारलं.

"मालवण. टीचरची जन्मतारीख आणायला."

"बाई मेली तरी तुमची पाठ सोडत नाय," बायको म्हणाली आणि चकल्यांचा डबा पिशवीत कोंबला.

एसटीने जीव आंबवला. ऑक्टोबर असून वाटेत पावसाने झोडपलं, खिडकीची काच बंद होईना, सदूचा डावा खांदा भिजून गार. मालवणहून रिक्षा, रिक्षावाल्याला वाडी माहीत नाही, दोनदा रस्ता चुकला. सदू सबंध वाटेवर टीचरला शिव्या घालत होता. या बाईने उभ्या आयुष्यात असा किती प्रवास केला असेल, हा विचारही मध्येच मनात आला. तो त्याने झटकून टाकला.

वाडीतल्या चर्चचे फादर तरुण होते. त्यांनी बाप्तिस्म्याचं जुनं पुस्तक काढलं. वाळवीने कडा खाल्लेल्या, अक्षर पोर्तुगीज. बोट फिरवत फिरवत ते थांबले. "ही बघा. सेवेरीन डांटस. बाप्तिस्मा सात जून एकोणीसशे बेचाळीस. जन्म एक जून."

सदूने कपाळावर हात मारला. "म्हणजे इथंही एक जूनच टाकलीय!"

"टाकली कशी असेल?" फादर हसत म्हणाले. "सहा दिवसांचं बाळ होतं. आई-बापाला सहा दिवसांपूर्वीचं आठवणार नाही? शाळेचा इथं काय संबंध?"

शाळेचा संबंध नव्हता, हे खरं. सहा वर्षं मागे मोजायला इथे कुणी मास्तर नव्हता. पण एकाच्या सांगण्यावर तारीख लिहायची नाही! त्याला स्वतःचाच राग आला, पण पाय थांबेनात. "टीचरचं घरचं कुणी आहे का इथं?"

होती. थोरली बहीण, पास्कीन, एक्याण्णव वर्षांची. माडांच्या मध्ये मंगलोरी कौलांचं छोटं घर, ओट्यावर ती बसलेली, कानाला यंत्र.

"कोण रे तू?"

"रत्नागिरीहून आलो, काकी. टीचरच्या शाळेतला क्लार्क. सदू."

"सदू? तो तारखांवरना भांडता तो?" म्हातारीचे डोळे एकदम हसले. "बस बाबा, बस. तुजा सगळा सांगी ती."

सदू ओशाळून बसला. चकल्यांचा डबा त्याने तिच्यापुढे ठेवला. मग टीचरच्या नियमाप्रमाणे, तारखेचा चकार शब्द न काढता विचारलं, "काकी, टीचर जन्मल्या तो दिवस तुम्हाला आठवतो?"

"आठवता म्हणजे! मी आठ वर्सांची होतंय." पास्कीनने चकलीचा तुकडा मोडून हातातच धरला. "मे म्हयनो मारिया मायचो. रोज सांजचा वाडीतल्या क्रुसाकडे सगळी जमत आणि जपमाळ म्हणत. शेवटच्या दिसा उकडलेले चणे वाटूचे. त्या वर्सा शेवटचो दिस ऐताराचो इलो. आवय एवढा पोट घेवन क्रुसाकडे इली. चणे माज्या फ्राकात घातल्यान आणि म्हणाली, तू खा, माका जड वाटता. दुसऱ्या दिसा सकाळी सेवेरीन झाली. बापूस होडी वर वडूक गेल्लो, पावसासाठी. मी धावत गेलंय सांगूक. माज्या फ्राकात कालचे चणे तशेच होते."

सदू मनात मोजत होता. मे महिन्याचा शेवटचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि बेचाळीस सालचं कॅलेंडर शोधलं. एकतीस मे. रविवार. त्याने दोनदा पाहिलं.

दोन साक्षी. एक पोर्तुगीज पुस्तकात, एक फ्राकातल्या चण्यांत. दोघांची गाठ नाही, आणि दिवस एकच. सबंध रत्नागिरी जिल्ह्यात खोट्या एक जूनची हजारो माणसं, आणि त्या सगळ्यांमध्ये ही एक बाई खरोखरची एक जूनची!

"दरवर्सा त्या दिसा हंय येय ती," पास्कीन सांगत होती. "शाळेक सुट्टी. मी खीर करी. म्हणे, पास्कीन, थंय कोणाकच खरा वाटणा नाय. सगळे हसतत."

इथे सदूचा तोल गेला. इतक्या वर्षांचा वैताग एकदम वर आला. "अहो, मग कागद न्यायचा होता ना! इथं चर्चमध्ये पडलाय पुरावा! साऱ्या गावाला साक्षी मागितल्या, माझ्या आईला दोन-दोनदा विचारलंत, आणि स्वतःचा एक कागद आणून आमच्या तोंडावर मारायला काय झालं होतं?"

आपण टीचरशीच बोलत असल्यासारखे बोलून गेलो, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. पास्कीनला मात्र त्याचं काही वाटलं नाही.

"मी पण तांच म्हटलंय तिका. कागद ने आणि दाखव. ती म्हणाली, कोणी इचारल्यान तर दितलंय. आपसून कित्याक दाखवू?" म्हातारीने चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि तो मऊ होईपर्यंत चघळत राहिली. "तू पयलोच इलंस."

परतीच्या एसटीत सदूला झोप लागली नाही. त्याला लाज वाटत होती. पंचवीस वर्षांपूर्वीचा हॉल आणि ते टाळ्यांत बुडालेलं वाक्य त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. टीचर काय म्हणत होत्या ते ऐकायला एक मिनिट थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? आणि तरी राग पुरता गेला नव्हता. जहाज गेलं ते गेलंच होतं. आपल्या हक्काचा हा राग बाईने शेवटी धड रागही राहू दिला नाही, याचाही त्याला राग आला. राजापूरच्या स्टँडवर चहा घेताना त्याने चिंतामणीला फोन लावला.

"लिही. एक जून एकोणीसशे बेचाळीस."

"म्हणजे सर्व्हिस बुकातलीच?" चिंतामणी ओरडला. "मग महिनाभर माझं डोकं का खाल्लंत?"

"ती वेगळी, ही वेगळी. लिही."

दोन नोव्हेंबर रविवारचा आला. दुपार कलल्यावर कबरस्तान माणसांनी भरलं. टीचरच्या काळ्या दगडाभोवती मिशनच्या शाळेची तीन पिढ्यांची पोरं जमली होती. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कोण हार घेऊन, कोण मेणबत्ती. आणि प्रत्येक जण दगड वाचून तेच करत होता. बँकेतला ऋत्विक वाचून हसला, "अरे, टीचर पण एक जून?" त्याने फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकलाही. सदू त्याला दंडाला धरून सांगेपर्यंत खाली हसण्याच्या खुणांची रांग लागली होती. भार्गवी मॅडम म्हणाल्या, "शेवटी तीच घातलीत ना, मयेकर?" सदूने त्यांना चणे, रविवार, पोर्तुगीज पुस्तक, सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि फादरशी बोलायला गेल्या. पाच जणांना सांगून झालं, दहा जणांना सांगून झालं, सदूचा घसा बसला. मागून येणारी माणसं दगड वाचायची आणि हसायची. हसू वाईट नव्हतं, प्रेमाचंच होतं. पण सदूला ते सहन होईना.

येसूबाई आली ती ज्ञानेश्वरीचा हात धरून. तिला वाचता येत नव्हतं. लेकीने वाचून दाखवलं.

"अगो बाय!" येसूबाई खुदकन हसली. "आमच्या तारखांसाठी उंबरे झिजवलीन, नि आपली मातूर एक जून?"

"खरी आहे ती!" सदू जवळजवळ किंचाळला. आजूबाजूची माणसं वळून पाहायला लागली. "खरी एक जून आहे, येसूबाई! मी मालवणला जाऊन विचारून आलोय. चर्चच्या पुस्तकात आहे. तिच्या बहिणीनं सांगितलं. दोन साक्षी आहेत!"

येसूबाईचं हसू थांबलं. तिने दगडाकडे पाहिलं, मग सदूकडे.

"कवा गेलास?"

"आत्ता. दिवाळीत."

"माज्या ज्ञानीच्या तारखेसाठी ती चार घरं फिरली," येसूबाई म्हणाली. "चार! मी दारात उभी राहून शिव्या घातल्या तरी फिरली. नि तिची तारीख इचारायला तिला मरावं लागलं?"

सदूकडे पस्तीस वर्षांची उत्तरं होती. कामाचा रगाडा, प्रवेशाची गर्दी, गेलेलं जहाज, स्टाफरूमची थट्टा.

"लागलं," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून आणखी दोघं आली, दगड वाचून हसली, आणि सदू त्यांच्याकडे वळला.